उभं राहणं मेंदूला शिकवावं लागतं

सरळ उभे राहा आणि उजवा हात झटकन खांद्यापर्यंत समोर उचला. सगळ्यात आधी कोणता स्नायू कामाला लागला? खांद्याचा, असं कुणीही म्हणेल. पण १९६७ मध्ये मॉस्कोच्या बेलेंकी, गुरफिंकेल आणि पाल्त्सेव या संशोधकांनी स्नायूंमधले विद्युतसंकेत मोजून वेगळंच दाखवलं. खांद्याचा स्नायू आकसण्याच्या किंचित आधी, सेकंदाचे काही शतांश अगोदर, मांडीच्या मागचे आणि पाठीचे स्नायू आवळलेले असतात. हात पुढे गेला की शरीराचा भार पुढे कलणार, हे मेंदूला आधीच ठाऊक असतं. म्हणून तो आधी पाय आणि पाठ घट्ट करून घेतो, मग हाताला मोकळीक देतो.

या छोट्याशा प्रयोगाने तोलाकडे बघायची आपली रीतच बदलायला हवी. पाय भक्कम असले की तोल चांगला, असं आपण धरून चालतो. घरातलं वयस्कर माणूस पडलं की "पायांत जोर राहिला नाही" म्हणतो आणि तेल चोळून देतो. जोर लागतो, यात शंका नाही. पण तोल सांभाळणं हे मुळात मेंदूचं काम आहे. पुढच्या क्षणी काय होणार याचा अंदाज बांधायचा, आणि अंदाज चुकला तर डोळ्यांचं पातं लवायच्या आत दुरुस्ती करायची. हे दोन्ही आपण लहानपणी पडत-धडपडत शिकलेलो असतो. मेंदूच्या आजारात ते बिघडतं. आणि पुष्कळ वेळा ते पुन्हा शिकवता येतं. मेंदूविकारानंतरच्या पुनर्वसनाचा सगळा पाया हाच आहे. आपल्या घरांत मात्र नेमकं उलट घडतं: ज्याचा तोल जातो त्याला आपण मायेने बसवून ठेवतो.

मेंदूला खबर कुठून मिळते

शरीर सरळ आहे की कलतंय, याची खबर मेंदूला तीन ठिकाणांहून येते. एक डोळे. दुसरं म्हणजे कानाच्या आतल्या भागातलं तोलाचं इंद्रिय: प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका, ज्या डोकं कोणत्या दिशेला वळलं ते ओळखतात, आणि दोन छोट्या पिशव्या, ज्यांतले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे डोकं किती कललं ते सांगतात. तिसरं, तळपाय, घोटे आणि सांधे यांच्याकडून येणारी जाणीव. डोळे मिटूनही आपला पाय कुठे आहे ते कळतं ते तिच्यामुळे.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात रॉबर्ट पीटर्का आणि फे होराक यांनी या तिन्हींचा वाटा मोजण्यावर बरंच काम केलं. निरोगी माणूस उजेडात, टणक जमिनीवर उभा असेल तर मेंदू सुमारे ७० टक्के भरवसा पायांच्या जाणिवेवर ठेवतो, २० टक्के कानावर आणि अवघा १० टक्के डोळ्यांवर. पण हे प्रमाण कायमचं ठरलेलं नसतं. तोच माणूस गादीवर किंवा वाळूत उभा राहिला की पायांची खबर बेभरवशाची होते, आणि मेंदू लगेच कानाचं आणि डोळ्यांचं वजन वाढवतो. ही अदलाबदल ज्याला पटकन जमत नाही तो पडतो. अनेकदा असा माणूस घरातल्या फरशीवर ठीक चालतो आणि शेताच्या बांधावर किंवा चौपाटीच्या वाळूत कोलमडतो.

बर्लिनच्या मोरिट्झ रोम्बर्ग यांनी १८४० च्या दशकात एक साधी तपासणी लिहून ठेवली. पाय जुळवून उभं राहायचं आणि डोळे मिटायचे. सिफिलिसने मज्जारज्जू बिघडलेले त्यांचे रुग्ण डोळे उघडे असताना उभे राहू शकत, मिटले की झोकांड्या खात. पायांकडून येणारी खबर बंद पडल्याने ते निव्वळ डोळ्यांच्या आधारावर उभे असत. आज सिफिलिसचे असे रुग्ण क्वचित दिसतात, पण पायांची जाणीव घालवणारी दोन कारणं आपल्या आसपास भरपूर आहेत: मधुमेह आणि ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातल्या पुरुषांची पाहणी छापली, त्यात सुमारे दोन तृतीयांश पुरुषांमध्ये ब१२ कमी आढळलं. त्या सगळ्यांचा तोल जातो असं अजिबात नाही. पण तोंड धुताना साबणामुळे डोळे मिटले की झोक जातो, रात्री दिवे गेले की भिंत धरावी लागते, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, अशी तक्रार कुणी केली तर ती "वयामुळे" म्हणून सोडून देऊ नये. ब१२ ची तपासणी साध्या रक्तचाचणीने होते, आणि वेळेवर कळलं तर उपाय सोपा आहे.

कानाबद्दल एकच सांगतो, कारण त्यापायी लोक वर्षानुवर्षं उगाच त्रास काढतात. कूस बदलताना किंवा वर बघताना काही सेकंद खोली गरगर फिरते, मग थांबते. आपल्याकडे याला सर्रास मानेचा स्पॉन्डिलायटिस ठरवून गळ्याला पट्टा लावतात. बऱ्याचदा दोष मानेचा नसतोच. वर सांगितलेले कानातले सूक्ष्म खडे सुटून भलत्या नलिकेत गेलेले असतात. मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये लंडनमध्ये याची तपासणी सांगितली, आणि अमेरिकेच्या जॉन एपली यांनी १९९२ मध्ये डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते खडे परत जागेवर नेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जाणकाराच्या हातून हे काही मिनिटांत होतं. मात्र चक्करेसोबत एकाची दोन दिसणं, बोबडं बोलणं, चेहरा वाकडा होणं किंवा हातापायातली शक्ती जाणं यांपैकी काहीही असेल तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो, आणि गुठळी विरघळवणारं औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. तेव्हा घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

बोलता बोलता थांबणारी माणसं

१९९७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वीडनहून एक अगदी छोटा शोधनिबंध आला. लिलेमोर लुंडिन-ओल्सन आणि सहकाऱ्यांनी वृद्धनिवासातल्या ५८ जणांना चालायला सांगितलं आणि चालता चालता सहज गप्पा सुरू केल्या. १२ जण बोलायला लागताच थबकले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले.

यासाठी कुठलंही यंत्र लागलं नाही. निरोगी माणसाचं चालणं आपोआप चालतं, त्याच्याकडे लक्ष द्यावं लागत नाही. ज्याचं चालणं आपोआप होत नाही त्याला ते पूर्ण लक्ष देऊन करावं लागतं, आणि गप्पांसाठी लक्ष उरत नाही. म्हणून तो थांबतो. थांबला नाही आणि चालत चालत बोलत राहिला, तर पडण्याचा धोका आणखी. तुमच्या घरातलं कुणी असं थबकत असेल तर ती फिजिओथेरपिस्टकडे जायची वेळ आहे. पडून खुब्याचं हाड मोडेपर्यंत थांबू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं मरण पावतात, आणि त्यांतली ८० टक्क्यांहून जास्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात.

पार्किन्सन्स: आपोआप होणं हरवतं तेव्हा

हे 'आपोआप होणं' हरवण्याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे पार्किन्सन्सचा आजार, म्हणजे आपला कंपवात. १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी त्याचं वर्णन केलं. पण त्याच्या मुळाशी काय बिघाड आहे हे कळण्यात आपल्या मातीतल्या एका मुळीचा आणि मुंबईच्या एका डॉक्टरचा हात आहे. ही गोष्ट मराठी वाचकांना माहीत असायला हवी.

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवरच्या अभ्यासातून मांडलं. त्या निबंधामुळे पाश्चात्त्य जगाचं लक्ष सर्पगंधेकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि रक्तदाबासाठी, मानसिक आजारांसाठी ते जगभर वापरलं जाऊ लागलं. मग डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही रुग्ण या औषधाने मंद होतात, ताठरतात, हात कापायला लागतात, हुबेहूब पार्किन्सन्ससारखे. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपीन दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, आणि ते पुन्हा हिंडू लागले. रेसरपीनने मेंदूतलं डोपामिन, म्हणजे मेंदूच्या पेशींमध्ये संदेश नेणारं एक रसायन, रितं केलं होतं, एल-डोपापासून ते पुन्हा तयार झालं. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्निकिविझ यांनी पार्किन्सन्सने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असल्याचं दाखवलं, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी एल-डोपा असलेलं औषध तोंडाने, हळूहळू मात्रा वाढवत देऊन यशस्वी करून दाखवलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. आज पार्किन्सन्सचा जवळपास प्रत्येक रुग्ण कधी ना कधी ज्या गोळीवर येतो ती ही एल-डोपाची, म्हणजेच लेव्होडोपाची गोळी.

खाजकुयलीच्या बियांत, म्हणजे कवचबीजात, लेव्होडोपा नैसर्गिकरीत्याच असतं आणि कंपवातासाठी आयुर्वेदात ती वापरली जाते, हेही खरं आहे. पण चूर्णाच्या एका पुडीत औषध किती आणि दुसरीत किती याचा नेम नसतो. आधीच गोळी चालू असताना डॉक्टरांना न सांगता वरून चूर्ण घेणं म्हणजे अंदाजपंचे मात्रा वाढवणं. कुणीही ते करू नये.

लेव्होडोपाने हातांची मंदता, ताठरपणा बराच उतरतो. तोलाच्या बाबतीत मात्र तिचा हात आखडता असतो, विशेषतः आजार जुना झाल्यावर. इथे व्यायाम आणि सराव यांचं काम सुरू होतं, आणि मला ज्या संशोधनाबद्दल सगळ्यात जास्त सांगायचंय तेही इथेच आहे.

पार्किन्सन्सच्या अनेक रुग्णांना चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. वरचं शरीर पुढे जातं, पाय जागेवरच थरथरत राहतात. हे कुठेही होत नाही, ठरावीक जागी होतं: दारातून जाताना, वळताना, दोन खुर्च्यांमधल्या चिंचोळ्या जागेत, आणि घाई असताना. फोन वाजतो, दारावरची बेल वाजते, आणि पाय गोठतात. घरच्यांना वाटतं, "आत्ता तर नीट चालत होते, मुद्दाम करतात की काय?" ते मुद्दाम करत नाहीत.

१९६७ मध्येच लंडनच्या पर्डन मार्टिन यांनी नोंदवलं की अशा रुग्णासमोर जमिनीवर आडव्या रेषा असल्या की तोच माणूस रेषा ओलांडत व्यवस्थित चालतो. सपाट फरशीवर पाऊल उचलत नाही आणि जिने मात्र चढतो, असे रुग्ण डॉक्टरांना नेहमी भेटतात. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या दोन डॉक्टरांनी याहून थक्क करणारं एक उदाहरण छापलं: ५८ वर्षांचा, दहा वर्षांपासून आजारी असलेला गृहस्थ. त्याला दोन पावलं नीट टाकता येत नव्हती, पण सायकलवर बसवल्यावर तो रस्त्याने सरळ सायकल चालवत गेला, वळून परतही आला. उतरल्यावर पुन्हा पाय गोठले.

म्हणजे पायांची ताकद शाबूत आहे, चालण्याचं ज्ञानही शाबूत आहे. बिघडलीय ती आतून सुरुवात करून देणारी यंत्रणा. आपल्या मनाने सुरू केलेल्या, सवयीच्या हालचाली मेंदूच्या तळाशी असलेल्या काही केंद्रांकडून चालतात आणि डोपामिनचा तुटवडा नेमका तिथे असतो. पण समोर दिसणारी रेषा ओलांडायची, ऐकू येणाऱ्या ठेक्यावर पाऊल टाकायचं, हे काम मेंदू दुसऱ्या वाटेने करून घेऊ शकतो. त्यात लहान मेंदूचा आणि डोळ्यांशी जोडलेल्या भागांचा मोठा वाटा असतो असं संशोधक मानतात. मुख्य रस्ता खचला की एसटी गावातून वळसा घालून जाते, तसंच हे. पोचायला जास्त लक्ष आणि श्रम लागतात, पण पोचता येतं.

मायकेल थाउट यांच्या गटाने १९९६ मध्ये अमेरिकेत पार्किन्सन्सच्या रुग्णांना तीन आठवडे रोज घरी ठेक्याच्या साथीने चालायला लावलं. त्यांचा वेग आणि पावलाची लांबी दोन्ही वाढले. ठेका काय असावा यावर बंधन नाही. टाळांचा गजर चालेल, लेझमीचा ताल चालेल, मनातल्या मनात म्हटलेलं "एक-दोन, एक-दोन" चालेल. फक्त तो त्या माणसाच्या नेहमीच्या चालीला जुळणारा किंवा किंचित जलद हवा. उंबरठ्याशी पाय नेहमी अडत असतील तर दोन्ही बाजूंना फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या पट्ट्या, साधारण एकेका पावलाच्या अंतराने लावून बघा. पाय गोठले की घरच्यांनी हात धरून ओढू नये. वरचं अंग पुढे येतं, पाय मागेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. "थांबा. नीट उभे राहा. भार डाव्या पायावर घ्या. आता उजवा पाय माझ्या पायापलीकडे टाका" असं शांतपणे सांगावं आणि आपला पाय त्यांच्या पावलासमोर आडवा ठेवावा. वळताना जागच्या जागी गिरकी घेण्यापेक्षा मोठं वळण घेत चालावं.

आता व्यायामाचं. २०१२ मध्ये फुझोंग ली यांच्या गटाने पार्किन्सन्सच्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापला. ताइ ची या चिनी व्यायामात भार सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर नेत जावं लागतं. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे. नुसतं ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ताइ चीच्या गटाचा तोल सुधारला आणि पडणंही कमी झालं. २०१८ मधल्या अमेरिकेतल्या दुसऱ्या अभ्यासात १२८ जण होते, सगळे आजाराच्या सुरुवातीच्या काळातले आणि अजून औषध न घेणारे. आठवड्यातून चार दिवस ट्रेडमिलवर चांगला दम लागेल इतकं, म्हणजे कमाल हृदयगतीच्या ८० ते ८५ टक्क्यांवर चालणाऱ्यांची लक्षणं सहा महिन्यांत जवळपास होती तिथेच राहिली. नेहमीचं आयुष्य चालू ठेवणाऱ्यांची वाढली. सकाळी बागेत रमतगमत मारलेली फेरी मनाला बरी वाटते, पण त्या अभ्यासातला व्यायाम तो नव्हे. अर्थात हृदयाची तपासणी केल्याशिवाय कुणी एवढा जोर लावू नये.

पण सगळ्यांत बोलका अभ्यास मला सिडनीच्या कॉलीन कॅनिंग यांचा वाटतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेला, २३१ रुग्णांचा. सहा महिने, आठवड्यातून तीनदा, बहुतेक घरीच करायचे तोलाचे आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम. एकूण हिशेबात पडण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. मग आजाराच्या तीव्रतेनुसार गट पाडून बघितलं. ज्यांचा आजार सौम्य होता त्यांचं पडणं ६९ टक्क्यांनी कमी झालं होतं. ज्यांचा आजार वाढलेला होता त्यांचं उलट वाढण्याकडे झुकलं होतं. याचा अर्थ मी असा लावतो की तोलाचा सराव निदानानंतर लगेच, अजून एकदाही पडले नसताना सुरू करायचा. आणि आजार पुढे गेलेल्या माणसाला एकट्याने घरी करायला व्यायामाचा कागद देऊन पाठवायचं नाही, त्याच्यासोबत जाणकार माणूस हवा.

आपल्याकडे आधार नाही असं नाही. मुंबईत डॉ. भीमसेन सिंघल यांनी २००१ मध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी सुरू केलेली पीडीएमडीएस (पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी) ही संस्था आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे; तिथे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. पुण्यातच नर्तक हृषीकेश पवार पार्किन्सन्स असलेल्यांसाठी नृत्याचे वर्ग घेत आले आहेत. नृत्यात ठेका आहे, भार बदलणं आहे, वळणं आहे, दुसऱ्याकडे बघून हालचाल करणं आहे. वर सांगितलेलं सगळं एका तासात, आणि तेही चार माणसांत.

पक्षाघातानंतर: किती वेळा, हाच प्रश्न

पक्षाघात झालेल्या घरात एक प्रश्न हमखास येतो: "कोणता व्यायाम करून घेऊ?" त्याआधी विचारायला हवं: "किती वेळा करून घेऊ?"

अमेरिकेच्या एडवर्ड टाउब यांनी माकडांच्या एका हाताची संवेदना नेणाऱ्या नसा तोडल्या. माकडांनी तो हात वापरणं सोडलं. चांगला हात बांधून ठेवल्यावर मात्र ती 'निकामी' हात वापरू लागली. या प्रयोगांवरून तिथे प्राण्यांच्या छळाबद्दल खटला आणि मोठा वाद झाला, आणि तो रास्त होता. पण त्यातून एक गोष्ट कळली: सुरुवातीला हात चालत नाही म्हणून वापरत नाही, आणि पुढे वापरत नाही म्हणून चालत नाही. मेंदू न वापरणंही शिकतो. २००६ मध्ये २२२ रुग्णांवर याच कल्पनेची चाचणी झाली. पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेल्या, मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता येणाऱ्या माणसांच्या चांगल्या हाताला जाड मोजा घालून दोन आठवडे दुबळ्या हाताकडून रोज तासन्‌तास काम करून घेतलं. फरक पडला, आणि वर्षभरानंतरही टिकला.

मग प्रत्यक्ष उपचारात किती सराव होतो? कॅथरीन लँग यांच्या गटाने २००९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सात ठिकाणी ३१२ सत्रं शेजारी बसून मोजली. हाताच्या कामाची आवर्तनं एका सत्रात सरासरी ३२. चालण्याच्या सत्रात पावलं सरासरी ३५७. सरावामुळे प्राण्यांच्या मेंदूत बदल दिसले अशा प्रयोगांत आवर्तनं शेकड्यांनी होती. हा आकडा वाचल्यापासून मला वाटतं, फिजिओथेरपीच्या प्रत्येक खोलीत पावलं मोजणारं काहीतरी असायला हवं.

पण जास्त आणि लवकर म्हणजे नेहमीच चांगलं, असंही नाही. २०१५ मधल्या २१०४ रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत वारंवार, जोराने उठवून चालवण्याचा प्रयत्न झाला. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ४६ टक्के चांगल्या स्थितीत होते, नेहमीच्या उपचारवाल्यांपैकी ५० टक्के. पहिल्या दिवशी थोडं थोडं, आणि नंतर वाढवत नेणं, हे बरं. महागड्या यंत्रांबद्दलही तसंच. ४०८ रुग्णांच्या २०११ मधल्या अभ्यासात पट्ट्याने अंग तोलून ट्रेडमिलवर चालवणं हे घरी फिजिओथेरपिस्टने घेतलेल्या व्यायामापेक्षा सरस ठरलं नाही. आपल्या गावात तसं यंत्र नाही म्हणून कुणी हळहळू नये.

आणि एक अभ्यास खास आपल्या देशातला. १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण, २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध. रुग्णाला घरी सोडण्याआधी कुटुंबातल्या एका माणसाला व्यायाम घ्यायला शिकवायचं, म्हणजे थेरपिस्ट नसलेल्या गावातही काम होईल, अशी आशा होती. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के माणसं दगावली होती किंवा परावलंबी होती. काहीच फरक नाही. हा निकाल वाईट वाटावा असाच आहे, पण तो लपवून उपयोग नाही. थोडंसं शिकवून सगळा भार सुनेवर किंवा बायकोवर टाकला की थेरपिस्टची उणीव भरून निघत नाही. सरकारने तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्ट नेमायला हवेत, ही मागणी यातूनच येते.

तोवर घरच्यांनी काय करावं? बाजूला बसून राहू नये, हे नक्की. २०१९ मध्ये समाजात राहणाऱ्या वृद्धांवरच्या १०८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलं होतं, आणि त्यात मुख्य वाटा तोलाच्या आणि रोजच्या कामासारख्या हालचालींचा होता. त्या हालचाली साध्या आहेत: हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं, ओट्याशी उभं राहून पाय जुळवणं, मग एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे ठेवणं, बाजूला सरकत चालणं, जमल्यास हातात काही घेऊन चालणं. कोणत्या हालचालीने सुरुवात करायची ते थेरपिस्टने एकदा बघून ठरवावं. थोडं डगमगायला व्हायलाच हवं. अजिबात न डगमगता होणाऱ्या व्यायामातून मेंदूला दुरुस्ती करायची वेळच येत नाही, मग तो ती शिकणार कशी? म्हणून सोबत करणाऱ्याने दुबळ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं राहावं, हात जवळ ठेवावा, आणि तोल खरोखर सुटेपर्यंत धरू नये. काख धरून उचलू नये, खांदा दुखावतो. कमरेला रुंद पट्टा बांधला तर तो धरायला बरा पडतो. न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री वाटेत दिवा, आणि सैल स्लिपरऐवजी टाचेला पट्टा असलेली चप्पल, एवढं मात्र पहिल्याच दिवशी व्हायला हवं.

पुढच्या भेटीत थेरपिस्टला तीन गोष्टी विचारा. आज किती आवर्तनं झाली? घरी किती करायची? आणि ती सोपी वाटू लागली की पुढची अवघड पायरी कोणती? उत्तरं कॅलेंडरवर लिहून ठेवा. महिन्यातून एकदा घड्याळ लावून बघा: खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन, वळून परत येऊन बसायला किती सेकंद लागतात. वयस्कर माणसाला १२ किंवा त्याहून जास्त लागत असतील तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. तो आकडाही तारखेसमोर लिहा, आणि डॉक्टरांना रक्ताचे रिपोर्ट दाखवता तसा तोही दाखवा.